तिसरी नळी

टेबलावर दोन मॅनिफोल्ड ठेवलेत.
एक कंपनीचं, ओतीव,
चार लांब नळ्या वळून आलेल्या,
झोपलेल्या मांजराच्या पायांसारख्या एकमेकींत अडकून,
अंगावर दहा वर्षांचं तेल, वर कुपवाडची धूळ.
दुसरं कोइमतूरहून आलेलं, अजून फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकात:
ऐसपैस पेटी,
आखूड, सरळ, चकचकीत नळ्या,
वेल्डिंगची रेघ माशाच्या खवल्यांसारखी.

उत्कर्ष आवटी त्या दुसऱ्याकडेच बघतो.
"ताई, टर्बो बसवलाय, आता वरचा दम पाहिजे.
साडेसहा हजाराला गाडी सुटली पाहिजे."
मी विचारते, कुठे?
तो म्हणतो, रस्त्यावर.
मी म्हणते, कुठल्या?

विश्रामबागेत चौकाचौकात गतिरोधक.
तासगावच्या वाटेला पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या,
मागचीला लाल फडकं,
ट्रॅक्टरवाल्याचा टेप एवढा मोठा
की तुझा हॉर्न त्याला तबला वाटणार.
तिथे इंजिन असतं दोन हजारावर
आणि टर्बो अजून अंथरुणात.
तेव्हा तुला पुढे काढतं ते हे तेलकट म्हातारं.

"पण टर्बो हवा कोंबतोच की. नळी केवढी का असेना."

सगळे असंच म्हणतात.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी त्याला काढून दाखवते:
कोंबलेली हवासुद्धा हवाच.
झडप मिटली की आपटते, मागे फिरते, परत येते.
झडप उघडताना नेमकी दारात आली
तर एक घास फुकटचा.
लांब नळीत तो घास लवकरच्या फेऱ्यांना मिळतो,
आखूड नळीत उशिराच्या.
उत्कर्ष पुठ्ठा बघतो आणि पेटीवरून हात फिरवतो.

एवढ्यात मिरजेहून नबीसाब आले,
तंबोऱ्याच्या खुंट्यांची भोकं मारायचं रीमर
धारेला घेऊन.
पेटीवर त्यांनी नख वाजवलं, सवयीनं.
"भोपळा मोठा हाय गं पद्मजा.
ह्यात गातंय कोण?"

कुणी नाही, म्हटलं, श्वास घेतात.
आणि किस उडवायला कॉम्प्रेसरची बंदूक
चारी तोंडांवरून आडवी फिरवली.
हू, हू, हू, हू.
"थांब," नबीसाब म्हणाले. "पुन्हा."
हू, हू,
"हा. तिसरा चढा हाय."

मला चारही सारखेच लागले होते.
व्हर्नियर लावला.
तिसरी नळी चार मिलिमीटर आखूड,
आत वेल्डिंगचा एक थेंब लोंबत राहिलेला,
काकवीच्या डब्याच्या काठावर असतो तसा.

म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला हवेचा वाटा वेगळा,
पेट्रोल मात्र चौघांना सारखं मोजून.
एके दुपारी भर रस्त्यात
त्याला ताप चढणार,
आधी खडखड, मग पिस्टनला भोक.
हे मी उत्कर्षला सांगितलं. तो गप्प झाला.
नबीसाब म्हणाले, आमच्यात चार तारा
वेगवेगळ्या लावल्या तर शाबासकी मिळते,
तुमच्यात अवघड आहे.

संध्याकाळी कंपनीचंच बसवलं.
आधी नळ्यांची तोंडं गॅस्केटबरोबर जुळवली,
बोल्ट मधून बाहेर आवळत नेले,
इंजिन सुरू झालं.
नबीसाबांनी बॉनेटवर हात ठेवला, मान थोडी कलती केली,
काही बोलले नाहीत.
रीमरचे तीस रुपये द्यायचं त्यांच्या लक्षात नव्हतं,
माझ्याही.

उत्कर्ष जाता जाता दारातून वळला.
"ताई, तिसरी नळी लांब केली तर?"

शटर ओढायच्या आधी
मी ते चकचकीत मॅनिफोल्ड मांडीवर घेतलं,
तळव्यानं मोठं तोंड दाबून
पहिलीवर फुंकर घातली, दुसरीवर,
तिसरीवर.
आता ऐकू येतंय.
आता न ऐकायचं म्हटलं तरी येतंय.